रॅम्बलरचा जुळा भाऊ

बाळांनो, डोळे मिटा आणि क्षणभर आठ वर्षांची नाइरी व्हा. अमेरिकेतल्या पॅसाडेनाच्या अवकाश केंद्रात आज रॅम्बलरचा वाढदिवस आहे. रॅम्बलर म्हणजे तेरा वर्षं मंगळावर एकटाच फिरणारा रोव्हर, चाकांवर चालणारा यंत्रमानव. झिजून झिजून त्याच्या चाकांना भोकं पडली आहेत. दरवर्षीसारखे त्याचे चाहते केक आणि शुभेच्छापत्रं घेऊन जमले आहेत. नाइरीनंही एक कार्ड रंगवलंय: 'मंगळावरच्या रॅम्बलरला वाढदिवसाच्या शुभेच्छा!' ते तिला आधी आजीला दाखवायचंय. तिची आजी इंजिनिअर आहे, आणि रोज मंगळाकडे संदेश धाडताना "ऊठ रे म्हाताऱ्या!" म्हणते.

आजी केंद्राच्या मागच्या अंगणात सापडते. तिथे हुबेहूब रॅम्बलर उभा आहे आणि आजी त्याला मुद्दाम टोकदार दगडांवरून पुढे-मागे चालवते आहे. कर्रर्र करत एक चाक फाटतं. नाइरीच्या हातातलं कार्ड गळून पडतं.

"आजी, अगं मारतेस काय त्याला! तुझा लाडका ना तो?"

"हा तो नव्हे गं. हा त्याचा जुळा, इथेच राहिलेला. वरच्याची चाकं अजून किती सोसतील, ते त्याला विचारता येत नाही. म्हणून आधी याची मोडून बघायची. उद्या दुसरं चाक."

"आणि याचा वाढदिवस कधी असतो?"

आजी जुळ्याला जागेवरच थांबवते.

नाइरी धुळीतून कार्ड उचलते, त्यावरचा 'मंगळावरच्या' हा शब्द खोडते आणि ते फाटलेल्या चाकाच्या भोकात अलगद खोचते.