हळदीच्या रानातली कोरी जागा

जरा पुढं सरका, मायबाप. गोष्ट भांडणाची आहे. पण देव भांडणातही आपली जागा धरून बसतो, म्हणून सांगतो.

"उठा म्हन्ते ना!" केशरबाई विळ्यासकट बांधावर चढल्या होत्या. "आमचे मालक गेले म्हनून रान मोजाया आले का, मोजणीसाहेब?"

उकंडराव मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. डोंगरकड्याच्या शिवारात त्यांचं अन् जळबाचं रान लागून. 'यानंच बांध कोरला,' म्हणून जळबा रोज सकाळी शिव्या घालायचा. उकंडराव त्या सव्याज परत करायचे. पावसाळ्यात जळबा वारला. उकंडराव मातीला गेले नाहीत, तेराव्यालाही नाहीत. आणि आता रोज फळीवर कागद लावून बांधावर बसू लागले. मागं त्याची बायको केशरबाई एकट्या, अन् पोटापुरती तेवढीच हळद.

"चित्र काढून ऱ्हायलो, वैनी. रंग हायत हे."

"चित्र! जन्मभर नकाशे काढले अन् म्हातारपणी चित्र! मी काय येडी हाय?"

केशरबाईंनी फळी हिसकावली. कागदावर मागचा डोंगर होता, पिवळी पडत चाललेली हळद होती, बांध होता. फक्त केशरबाईंच्या बाजूला, बांधाला खेटून, एक तुकडा कोरा पांढरा.

"हे काय? समदं रंगवलं अन् माझ्याच वावरातला तुकडा काहून सोडला? हाच गिळायचा हाय ना?" "चिरून टाकीन, पन वीतभर देनार न्हाई!"

उकंडरावांनी मान वर केली नाही.

"या पाण्याच्या रंगात पांढरा रंग लावत न्हाईत, वैनी. पांढरं दाखवायचं तर तेवढा कागद कोरा सोडावा लागतो."

"मग हितं पांढरं काय हाय?"

"जळबाचं धोतर."

केशरबाईंनी विळा खाली घेतला.

"लई कागद फाडले," उकंडराव म्हणाले. "तो उभा असल्याबिगर हे रान खरंच वाटंना."

केशरबाईंनी कागद जवळ धरला, लांब धरला. मग फळी उकंडरावांच्या मांडीवर आदळली.

"काढायचं तर बराबर काढा, भाऊजी. हात वर पायजे. तुमाला शिव्या देताना त्यांचा हात कधी खाली नसायचा."

मायबाप, नाम घ्याल तेव्हा त्या उचललेल्या हातासकट जळबालाही आठवा.