सरांचा होकार

“हा पाहा बरं. हा चालन का?” शारदाबाईंनी मोबाइल सरांच्या चेहऱ्यासमोर धरला.

पडद्यावर निळा तारामासा होता. वैजनाथ सरांना नाही म्हणायचं होतं. तो दिसायला देखणा, पण घरातल्या टाकीत त्याचं पोट भरत नाही. महिन्या-दोन महिन्यांत कडेकडेनं विरत जातो. सरांच्या डोक्यात हे सगळं फळ्यावर लिहिल्यासारखं स्वच्छ होतं. त्यांनी तोंड उघडलं.

“हाव.”

सहा महिन्यांपूर्वी झटका आला आणि सरांचं उजवं अंग गेलं, बोलणंही गेलं. होकाराचा हा एक शब्द तेवढा उरला. भूक लागली तरी हाव, नको असलं तरी हाव. बुलढाण्याच्या कॉलेजात तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलेला माणूस! मान हलवायला जावं तर ती भलतीकडेच हलायची. डावा हात चालायचा, पण तोही मनातलं ऐकत नसे. त्यांच्या पत्नी शारदाबाई मात्र त्या एका शब्दावरच खूश होत्या. तेवढंही येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते.

हॉलमधली खाऱ्या पाण्याची टाकी सरांची. समुद्रापासून इतक्या लांब, या पठारावर, त्यांनी चौदा वर्षं प्रवाळं जगवली होती. आता मीठ कालवणं, पाणी बदलणं शारदाबाईंनी शिकून घेतलं होतं. सर दिवसभर खुर्चीत बसून टाकीकडेच बघतात, तर त्यांना बघायला काहीतरी नवं असावं, असं शारदाबाईंच्या मनानं घेतलं.

फोनचा स्पीकर चालू होता. पलीकडे अकोल्याचा दुकानदार गोविंदा, सरांचा जुना विद्यार्थी. “काकू, तिन्हीचे फोटू पाठवले. कोणता कोणासंगं जमते ते सरलेच विचारा. मले बी त्यायनंच शिकवलं.”

“थांब. बाकीचे तं पाहू दे त्यायले.” शारदाबाईंनी पुढचं चित्र आणलं. सापाच्या शेपटीसारखे पाच लांब, सडपातळ पाय.

हाच! दिवसा दगडाखाली दडून राहणारा, उरलंसुरलं खाणारा, कोणाच्या वाटेला न जाणारा.

“हाव,” सर म्हणाले. “हाव, हाव.”

“माय वं! हा तं सापच दिसते.” शारदाबाईंनी नाक मुरडलं.

सरांनी सगळा जोर लावून डावा हात पुढे केला. बोट पडद्यावर टेकलं, थरथरलं आणि चित्र सरकलं. बोटाखाली तिसरा आला. बिस्किटाच्या रंगाचा, पाठभर काळी शिंगं.

“हा? हा पायजे तुमाले?”

“हाव!” सर ओरडलेच. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

शारदाबाईंचेही डोळे भरले. “ऐकलं का गोविंदा? किती जोरात म्हणले! बोट ठेवून दाखवलं त्यायनं.”

“ऐकलं न काकू. सर हाव म्हणले म्हंजे सवालच नाही.”

तिसऱ्या दिवशी एसटीच्या पार्सलनं थर्माकोलचा डबा आला. शारदाबाई स्वतः स्टँडवर जाऊन घेऊन आल्या. दोन तास थेंब थेंब पाणी घालून त्यांनी तारामाशाला टाकीच्या पाण्याची सवय केली आणि लेकराला पाळण्यात ठेवावं तसं त्याला वाळूवर ठेवलं. सरांची खुर्ची त्यांनी काचेजवळ आणली.

सकाळी तो सगळ्यात मोठ्या हिरव्या प्रवाळावर चढलेला होता.

“पाहा, कसा बिलगला!” त्या म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.

सर पाहत होते. त्यानं पोट बाहेर काढून प्रवाळावर पसरलं होतं.

दुपारी तो तिथून हलला. खाली नुसतं पांढरं हाड राहिलं होतं. शारदाबाईंनी घाबऱ्याघुबऱ्या गोविंदाला फोन लावला.

“काकू, तो तं प्रवाळं खातेच,” गोविंदा म्हणाला. “मले वाटलं, सरनं त्याच्यासाठी येगळी टाकी केली असन. सरले मी काय सांगाव? ते तं स्वतः हाव म्हणले न!”

शारदाबाईंनी फोन ठेवला. बाही वर सारून हात पाण्यात घातला. तारामासा आता जांभळ्या प्रवाळाच्या कडेला लागला होता.

“काढू न याले?”

“हाव,” सर म्हणाले. शब्द अगदी हवा तिथं पडला होता. त्यांना क्षणभर हायसं वाटलं.

पण शारदाबाईंचा हात पाण्यातच थांबला. त्यांनी वळून सरांकडे पाहिलं.

“का मंग राहू देऊ?”

“हाव.”

टाकीचा पंप घुरघुरत होता. शारदाबाईंनी हात रिकामाच बाहेर काढला. कोपरावरून पाणी फरशीवर ठिबकत राहिलं, त्यांनी पुसलं नाही.

“अहो,” त्या अगदी हळू म्हणाल्या, “ते बोलणं शिकवाले येत होती न पोरगी, सुचिता... तुमाले लय तरास होते, उद्यापासून येऊ नको म्हणू का तिले, असं मी विचारलं होतं.”

सरांनी ओठ घट्ट मिटून घेतले.