आधी तार, मग पाऊल

खुंटी पिळता पिळता त्याने वाद्याच्या लाकडी मानेला दात टेकवले. लाकूड थरथरलं, म्हणजे तार बोलत होती. काय बोलत होती, ते देव जाणे.

त्याच्या कानांनी वर्षभरापूर्वीच राम म्हटला होता. बायकोखेरीज कुणाला पत्ता नव्हता. बाकीच्यांचे ओठ वाचून तो वेळ मारून नेत असे.

आज भाचीचं लग्न. नवरा-नवरीभोवती बायकांनी रिंगण धरायचं आणि त्याच्या तीन तारांवर नाचायचं. नियम एकच: आधी तार, मग पाऊल. रिंगण मध्येच मोडलं तर त्या दिवशी लग्न लागत नसे.

त्याने आपली युक्ती काढली होती. रिंगणाच्या पुढे असायची ताई, त्याची थोरली बहीण, नवरीची आई. तिने पाय उचलला रे उचलला की तो तार छेडायचा. बघणाऱ्याला वाटावं, तारच पुढे आहे.

"ताई, तार उतरलीय का गं?"

"हो, हो, छान!" ताई हसली. "आधी ती बाही वर कर. हात झाकला जातोय. आणि माझ्यासमोरच बस."

ओठ वाचण्यात आपणच चुकलो असं समजून त्याने निमूटपणे बाही कोपरापर्यंत सारली.

पहिल्या तीन फेऱ्या झकास झाल्या. चौथीला ताईचा पाय किंचित रेंगाळला. लग्नघरची आई, दमणारच. तोही तेवढा थांबला. पुढचं पाऊल आणखी उशिरा आलं. तो आणखी थांबला.

आणि ताई थबकलीच. पाय अर्धवट उचललेला, तिच्यामागे सगळं रिंगण तसंच. नवरी रडवेली होऊन मामाकडे बघू लागली. व्याह्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

झालं, पोरीचं लग्न आपण मोडलं! त्याला दरदरून घाम फुटला. घामाने बोट सटकलं, तार हलली.

ताईचं पाऊल पडलं. रिंगण फिरलं, ते थेट शेवटच्या फेरीपर्यंत.

"इतका संथ, इतका देखणा नाच जन्मात पाहिला नाही," व्याही त्याचा हात धरून म्हणाले. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याने ताईला सामानाच्या खोलीत ओढून नेलं. तोंडाने सांगायचा धीर होईना. लग्नपत्रिकेच्या पाठीवर त्याने लिहिलं: 'ताई, वर्षभर मला काही ऐकू येत नाही. तुझे पाय बघून वाजवतो. आज माझ्यापायी लग्न मोडत होतं. माझ्या जागी दुसरा कुणी बघ.'

ताईने वाचलं. पुन्हा वाचलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. दार नीट लागलंय ना, ते तिने पाहिलं, त्याच्या हातातलं पेन घेतलं आणि खाली लिहिलं:

'अरे, मला दोन वर्षं ऐकू येत नाही. मी तुझी बोटं बघून नाचते.'