दहा छऱ्यांची बंदूक

“ही नको,” सासूबाई म्हणाल्या. “केवढी जड आहे. धरून धरून खांदा निखळेल.”

दुकानदाराने बंदूक निमूटपणे भिंतीवर परत टांगली. ही तिसरी. पहिलीत एका वेळी एकच छर्रा बसत होता. एक उंदीर टिपून दुसरा छर्रा भरेपर्यंत बाकीची फौज पसार. दुसरीचा आवाज असा निघाला की काउंटरवरची कपबशी थरथरली. त्या आवाजाने शेडमधली कोंबडीची पिल्लं बिथरतील, कोपऱ्यात एकमेकांवर चढतील आणि गुदमरून मरतील, हेही सासूबाईंनीच ऐकवलं.

सून मनातल्या मनात चडफडली. बंदुकीचं नाव निघाल्यापासून तोंड वाकडं करणाऱ्या याच, आणि आता खुसपटं काढणाऱ्याही याच.

पण बंदुकीवाचून गत्यंतर नव्हतं. नोकरी सोडून तिने कोंबडीच्या पिल्लांची शेड उभी केली होती, आणि उंदरांनी तिचा जीव नकोसा केला होता. विष ठेवावं तर ते खाद्यात सांडायची भीती. मांजर पाळावी तर तीच पिल्लांवर ताव मारणार. पिंजऱ्यांकडे उंदीर ढुंकूनही बघत नव्हते. गेल्या खेपेला तर त्यांनी हीटरची वायर कुरतडली आणि सगळी पिल्लं एका थंडीत गारठून गेली. आणखी एक खेप अशी गेली असती तर शेडला कुलूप लावावं लागलं असतं.

तेव्हा सासरे म्हणाले होते, “छऱ्यांची बंदूक आणू या. होईल सोय.” अंगावर बसलेला डास फुंकर मारून उडवणारा हा माणूस. सून बघतच राहिली होती.

दुकानदाराने चौथी बंदूक काढली. आखूड, हलकी. दहा छऱ्यांची एक चकती तिच्यात बसायची. बाजूचा खटका ओढला की पुढचा छर्रा तयार. जोर बेताचा, शेडचा पत्रा फुटायची भीती नाही. आवाज म्हणाल तर उशीवर थाप मारल्याएवढा.

सासऱ्यांनी ती खांद्याला लावून पाहिली आणि बायकोच्या हातात दिली. “काय गं, कशी वाटते?”

सासूबाईंनी ती हातावर तोलली. “बरी आहे.”

त्यांच्या तोंडून ‘बरी’ निघालं म्हणजे विषयच संपला.

“मागच्या बोळात दहा छर्रे मारून बघा,” दुकानदार म्हणाला.

“मीही येते,” सासूबाई उठल्या. “यांना एकट्याला सोडलं तर काहीतरी पाडून ठेवतील.”

दुकानदाराने दोघांना बोळातला निशाणाचा कागद दाखवला आणि बंदुकीत हवा भरायचा पंप सुनेला समजावून द्यायला तो परत आला. बंद दारामागून सावकाश, सारख्या अंतराने थापा ऐकू येत राहिल्या. मग शांत झालं.

दोघं आत आली आणि दुकानदार कागद आणायला बोळात गेला. तो लगबगीने परतला. त्याने कागद काउंटरवर पसरला. मधोमध एकच भोक होतं, कडा फाटलेल्या. खिशातून शर्टाचं एक सुटं बटण काढून त्याने त्यावर ठेवलं. भोक झाकलं गेलं.

“दहाचे दहा छर्रे इथूनच गेलेत,” तो म्हणाला. “काका, फौजेत होतात का तुम्ही?”

“छे हो! पोस्टात.” सासरे कानापर्यंत लाल होत हसले.

“चला आता,” सासूबाई म्हणाल्या. “घरी कामं पडलीत.”

त्याच दिवसापासून सासऱ्यांनी नियम घातला. तिन्हीसांजेला शेडकडे कुणी फिरकायचं नाही. उंदीर सावध होतात. “आम्ही दोघं पुरे. एकाने बॅटरी धरायची, एकाने नेम.”

सकाळी सुनेने मेलेल्या उंदरांच्या बादलीत डोकावून पाहिलं. प्रत्येक उंदराला कानामागे एकच जखम. वाया गेलेला छर्रा शेडभर शोधूनही सापडला नाही. शेजारचा बेकरीवाला बादली बघायला आला आणि टोपी काढून उभा राहिला. सासरे रस्त्याने निघाले की लोक बाजूला सरून वाट द्यायला लागले.

“अहो, मी काही केलेलं नाही,” ते काकुळतीला येऊन सांगायचे. त्यांचा हा विनय बघून लोक आणखीच भारावून जायचे.

आजवर स्वतःची चप्पल शोधत फिरणारे सासरे सुनेला आता वेगळेच दिसू लागले. त्यांच्यासमोर तिचा आवाज आपोआप खाली यायचा. सासूबाई मात्र कुरकुरत होत्या. “रोज त्या गारठ्यात जायचं म्हणजे हाडं मोडतात.” नुसती बॅटरी धरायची तर एवढं कौतुक, असं सुनेच्या ओठांवर यायचं, पण ती गिळून टाकायची.

नवी खेप आली त्या संध्याकाळी मात्र तिला राहवलं नाही. एकदा तरी स्वतःच्या डोळ्यांनी बघायचंच होतं. चपला काढून ती शेडच्या दाराशी गेली आणि बोटभर फटीतून आत पाहू लागली.

हीटरच्या तांबूस उजेडात पिल्लं झोपली होती. पलीकडच्या भिंतीवर बॅटरीचा गोल पडला होता. खाद्याच्या पोत्यांवर कांबळं पांघरलेली एक आकृती पालथी पडली होती, दगडासारखी निश्चल. शेजारी, बॅटरीमागच्या अंधारात, दुसरी बसलेली.

पाइपावरून एक उंदीर आला. थाप. पडला. मग दोन एकदम. थाप, थाप. एक पिल्लूही जागं झालं नाही. चौथ्याने एका फळीवरून दुसरीवर उडी घेतली आणि उजेडाचा गोल गडबडून भलतीकडेच गेला. अंधारात थाप झाली. उंदीर पलीकडच्या फळीवर पोचलाच नाही.

इतकी वर्षं एका घरात राहून आपण या माणसाला ओळखलंच नाही, तिला वाटलं.

पोत्यांवरून, मान न वळवता, दबक्या आवाजात दटावणी आली.

“अहो, बॅटरी नीट धरा ना!”