चार पानं जास्त

“चार पानं जास्त होतायत,” छापखान्याच्या काकूंनी चष्मा कपाळावर सरकवला. “यंत्रावर एका वेळी सोळा पानं चढतात. पाच सोळे ऐंशी. तुमची झाली चौऱ्याऐंशी. चार कापा, नाहीतर बारा आणखी लिहून द्या.”

लेखक हबकला. आहेत तेवढ्या पानांना त्याला अकरा वर्षं लागली होती, आणि त्यातली निम्मी कथासंग्रहाचं नाव ठरवण्यात गेली होती. प्रकाशन उद्या सकाळी अकराला.

“बारा कोरी सोडली तर?”

“सोडा की. पण लोक तेवढीच फाडून वापरतील. त्यापेक्षा मनोगत काढा, बरोबर चार पानांचं आहे.”

“मनोगत?” लेखक ओरडला. काकूंनी जणू त्याचं एक मूत्रपिंडच मागितलं होतं. “अहो काकू, मी काय काय सोसलं ते वाचकाला कळणार कसं?”

त्या मनोगतात ‘मी’ हा शब्द एकशे बावीस वेळा होता. काकूंच्या संगणकाने तो मोजून दिला आणि मग दुपारभर बंद पडून राहिला. ते तपासताना टेबलावरची माशी दुसऱ्या पानावर झोपी गेली, आणि तिसऱ्या पानापाशी भिंतीवरचं घड्याळ उलटं फिरायला लागलं, असं छापखान्यातला बाइंडर आजही शपथेवर सांगतो.

“मग चार पानांची दुसरी एकच चीज आहे,” काकू म्हणाल्या. “‘कोट’ ही गोष्ट.”

“हां, ती काढा.” लेखकाने पापणीसुद्धा लववली नाही.

दाराजवळच्या स्टुलावर त्याचे वडील बसले होते. जन्मभर शिंपीकाम केलेला म्हातारा. गिऱ्हाइकांच्या उरलेल्या तुकड्यांतून पोराला शाळेचा कोट शिवणाऱ्या शिंप्याची ती गोष्ट म्हणजे त्याचीच गोष्ट. तुमच्यावर लिहिलंय, छापून येणार आहे, असं पोरगं एकदा बोलून गेलं होतं. म्हणून म्हातारा इस्त्रीचा सदरा घालून, सकाळपासून चष्मा हातात धरून, ती पानं बघायला आला होता.

“माझी काढतोस होय रे?”

“बाबा, मनोगतात आहे ना तुमचा उल्लेख! ‘माझे पूज्य वडील’ असं लिहिलंय.”

“पूज्य तर सगळ्यांचेच असतात. कोट आपला होता.”

“उद्या मोठमोठी माणसं येणार आहेत. त्यांच्यासमोर तो चिंध्यांचा कोट कशाला झटकायचा?”

म्हाताऱ्याने चष्म्याची काच सदऱ्याच्या टोकाला पुसली. घालायचं आता काही कारण नव्हतं, तरी पुसली.

“कापड कमी पडलं तर झालर काढतात,” तो म्हणाला. “बाही काढून झालर ठेवणारा शिंपी काही मी पाहिला नाही.”

“हे साहित्य आहे, बाबा. फ्रॉक नाही.”

काकूंनी एकदा म्हाताऱ्याकडे पाहिलं, एकदा लेखकाकडे. चाळीस वर्षं त्या पुस्तकं तपासत होत्या आणि चुकांपलीकडे एक अक्षर वाचायचं नाही, असा त्यांचा नेम होता. त्याशिवाय या धंद्यात माणूस वेडा होतो. ‘कोट’ने तो नेम मोडला होता. चहा गार झाला होता, आणि पानावरच्या दोन चुका तशाच राहून गेल्या होत्या.

“बसा. करून आणते,” त्या म्हणाल्या आणि आतल्या खोलीत गेल्या.

आत जाऊन त्यांनी मनोगत काढून टाकलं. ‘कोट’ जागच्या जागी ठेवली, राहिलेल्या दोन चुकाही दुरुस्त केल्या. मग सोळा-सोळा पानांचे पाच गठ्ठे आणून लेखकापुढे आपटले.

“नीट बघून एकेकावर सही करा. सही झाली की जे आहे तेच छापतो. मग बोंब मारायची नाही.”

लेखकाने पहिलं पान पाहिलं. त्यावर त्याचं नाव होतं. “जरा मोठं होईल?” मोठं झालं. मग त्याने मुखपृष्ठ मागवलं, उलटं केलं आणि मागचा स्वतःचा फोटो खिडकीच्या उजेडात धरला. “डावा कान थोडा आत घेता येईल?” कानही आत गेला. मग त्याने धडाधड सह्या ठोकल्या. प्रत्येक सही आधीच्या सहीपेक्षा मोठी. पाचवी तर कागदात मावेना, तिची शेपटी टेबलावर उतरली.

“आतलं पाहिलंत?” काकूंनी विचारलं.

“माझंच लिहिलेलं मी काय पाहायचं?”

“तेही खरंच,” काकू म्हणाल्या, आणि त्यांनी यंत्र सुरू करायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पुस्तकाच्या गुंडाळीची फीत सुटली. पुस्तक न उघडता पाऊण तास बोलण्यात नावाजलेले प्रमुख पाहुणे माइकपाशी आले.

“गोष्टी तर उत्तमच आहेत,” ते म्हणाले, “पण खरं सांगू? मी रडलो तो मनोगत वाचून. प्रत्येकाने ते दोनदा वाचावं.”

अध्यक्षांनी मान डोलावली. त्यांचं म्हणे तीनदा वाचून झालं होतं. लेखकाने हात जोडले, रुमाल काढला, डोळे टिपले. त्याची स्वतःची प्रत टेबलावर जशीच्या तशी मिटलेली होती. सभागृह टाळ्यांनी दणाणून गेलं.

फक्त शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्याने टाळ्या वाजवल्या नाहीत. त्याच्या नाकावर चष्मा होता आणि बोट सदुसष्टाव्या पानावर, कोटाच्या दुसऱ्या बाहीपाशी.