मागच्या भिंतीतली खिडकी

अलिबागजवळच्या खाजणात भरतीचं पाणी अडवायला पहिला बांध घालणाऱ्या पणजोबांचं घर देवदत्तला होतं तस्संच उभं करायचं होतं. आर्किटेक्ट क्षिप्रा त्याचे नकाशे काढत होती. मागच्या भिंतीतली खिडकी जेमतेम गुडघाभर उंचीवर होती. ‘गवंड्याची चूक,’ म्हणत तिने ते नकाशावर टिपलं.

अंगण सारवायला आलेली म्हातारी धाकलीबाय हसली. “चूक न्हाय, बाय.” ती बाहेर खिडकीखाली फतकल मारून बसली आणि तिने ओंजळ पुढे केली. ओंजळ बरोब्बर चौकटीखाली आली. “बांधाचं काम करून आलो की आमी हितं बसायचो. आतून पानी ओतायचे.”

“ही तेवढी बुजवून टाकू,” जवळच उभा देवदत्त पुटपुटला.

उंचीचा अंदाज यावा म्हणून क्षिप्राने नकाशात खिडकीपाशी एक उभा माणूस काढला होता. तिने तो खोडला आणि तिथे बसलेला माणूस काढला, ओंजळ पुढे केलेला.