आग्नेय कोपरा

नदीकाठी जुनी नाणी शोधायला जाण्याआधी दिगंबररावांनी नवाकोरा मेटल डिटेक्टर घरातच फिरवून पाहिला. स्वयंपाकघराच्या आग्नेय कोपऱ्यात तो कोकलायला लागला, तसे ते पहारच घेऊन आले.

“अहो, काय करताय! तिथे वास्तुपुरुष आहे. तुम्हीच नाही का पुरलात, वास्तुशांतीला?” बायको आडवी आली.

“तो तांब्याचा होता. हे यंत्र सोनं दाखवतंय.”

ती जरा घुटमळली. “गुरुजींनी गुंजभर सोनं मागितलं होतं. तुमचा सगळा पगार विटांत गेलेला. मग मीच हळूच कानातली कुडी ठेवली.”

“हरवली म्हणाली होतीस, ती?”

पहार भिंतीला टेकवून त्यांनी यंत्र उचललं आणि अलगद तिच्या कानाशी नेलं. यंत्र गप्प.

“बघ, इथे काहीच वाजत नाही,” ते म्हणाले. “नदी कुठे पळून जात नाही. चप्पल घाल, आधी सोनाराकडे जाऊ.”